झूम बूम म्हणजे काय? लॉकडाऊननंतर चेहऱ्याच्या सर्जरीची मागणी का वाढली, आणि त्यात तुमच्या फ्रंट कॅमेऱ्याचा वाटा किती

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यात जगभरातली बहुतेक कॉस्मेटिक क्लिनिकं बंद होती. ऑपरेशन थिएटर, ऑक्सिजन, नर्स सगळं कोविडकडे वळलेलं, आणि तातडीची नसलेली ऑपरेशनं पुढे ढकललेली. अशा वेळी नाक सरळ करून घ्यायला कोण जाणार, असंच कुणालाही वाटलं असतं. पण क्लिनिकं उघडली तशी चौकशी वाढत गेली. परदेशी माध्यमांनी या प्रकाराला 'झूम बूम' नाव दिलं, कारण डॉक्टरांकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण एकच तक्रार सांगत होते: व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा बरा दिसत नाही.

इसॅप्स ही प्लास्टिक सर्जनांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी आकडेवारी काढते. तिच्यानुसार २०२० मध्ये जगभरात सौंदर्यासाठीची ऑपरेशनं साधारण ११ टक्क्यांनी घटली. पण त्याच वर्षी बोटॉक्स, फिलर यांसारखे बिनऑपरेशनचे उपचार जवळपास ६ टक्क्यांनी वाढले. लॉकडाऊनच्या वर्षात! पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, दोन्ही मिळून वाढ १९ टक्क्यांच्या वर गेली: १ कोटी २८ लाख ऑपरेशनं आणि १ कोटी ७५ लाख बिनऑपरेशनचे उपचार.

हे सगळं मुंबई-पुण्याचे आणि अमेरिकेचे चोचले आहेत, आपल्या बुलढाण्यात कोण करतंय, असं वाटत असेल तर जरा थांबा. ज्या यंत्रामुळे ही लाट आली ते यंत्र चिखलीत, मेहकरात, जळगाव जामोदमध्येही तेच आहे. लेन्स तीच, सॉफ्टवेअर तेच. फरक इतकाच की इथे 'नाक मोठं आहे' असं वाटलेला मुलगा सर्जनकडे जाण्याआधी मेडिकलमध्ये किंवा इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीकडे जातो, आणि तिथे धोका जास्त आहे. त्याबद्दल खाली बोलूच. आधी कॅमेरा समजून घेऊ.

दिवसभर समोर आरसा

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. २०२० आधी माणूस दिवसात स्वतःचा चेहरा किती वेळ बघायचा? दाढी करताना, वेणी घालताना, बाहेर पडताना एकदा. सगळं मिळून १०-१५ मिनिटं. आणि बोलताना, हसताना, कंटाळलेला असताना आपला चेहरा कसा दिसतो, हे तर कुणी बघितलेलंच नसायचं. तो बाकीच्यांनी बघायचा चेहरा.

मार्च २०२० मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली, ऑफिसं घरी आली, आणि मीटिंगच्या कोपऱ्यात स्वतःची चौकट आली. झूमने डिसेंबर २०१९ मध्ये रोजचे जास्तीत जास्त १ कोटी मीटिंग-सहभागी सांगितले होते, एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ३० कोटींवर गेला. (हे ३० कोटी वेगवेगळे लोक नव्हेत बरं का. एका माणसाने दिवसात पाच मीटिंग केल्या तर तो पाच वेळा मोजला जातो.) या सगळ्या मीटिंगांत लोक बोलणाऱ्याकडे कमी आणि स्वतःच्या चौकटीकडे जास्त बघत होते. तुम्हीही बघितलं असेल, खोटं बोलू नका.

अमेरिकेत हार्वर्डशी संबंधित त्वचारोगतज्ज्ञ शादी कुरोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'झूम डिसमॉर्फिया' म्हटलं. त्यांनी शंभरावर त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं. निम्म्याहून अधिक डॉक्टरांनी सांगितलं की महामारीच्या आधीपेक्षा सौंदर्य-उपचारांसाठी येणाऱ्यांचं प्रमाण वाढलंय. आणि ८६ टक्के डॉक्टर म्हणाले की पेशंट व्हिडिओ कॉलचं कारण देतात.

या नावातही एक मागचा धागा आहे. त्याआधी, २०१८ च्या सुमारास 'स्नॅपचॅट डिसमॉर्फिया' हा शब्द आला होता. तेव्हा लोक फिल्टर लावलेला स्वतःचा फोटो घेऊन सर्जनकडे जायचे आणि म्हणायचे, मला असं करून द्या. झूमच्या वेळी उलटं झालं. इथे लोकांसमोर फिल्टर नसलेला, वाईट उजेडातला, खालच्या कोनातून घेतलेला चेहरा होता, आणि त्यांना तो खरा वाटत होता. फिल्टर खोटा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. साधा कॅमेराही खोटं बोलतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

नाक ३० टक्के मोठं दिसतं, गणित करून बघा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळी मेख इथेच आहे.

कॅमेऱ्याला वस्तू किती मोठी दिसते हे तिच्या अंतरावर अवलंबून असतं. अंतर दुप्पट, तर आकार निम्मा. आता तुमचा चेहरा सपाट नाही. नाकाचं टोक पुढे असतं, आणि कानाजवळचं गालाचं हाड त्याच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे. म्हणजे कॅमेऱ्यासाठी नाक जवळ आणि गाल लांब.

सेल्फी काढताना हात अर्धवट वाकवून मोबाइल धरला की नाकापासून अंतर होतं साधारण ३० सेंटिमीटर. मग गालाचं हाड ४२ वर. भागाकार करा: ४२ भागिले ३० म्हणजे १.४. याचा अर्थ गालाच्या तुलनेत नाक १.४ पट फुगवून दाखवलं जातंय.

आता समोर बसून कुणी तुमच्याशी गप्पा मारतंय असं समजा. दीड मीटर अंतर. नाक १५० सेंटिमीटरवर, गाल १६२ वर. भागाकार १.०८. म्हणजे फुगवटा जवळजवळ नाहीच.

१.४ ला १.०८ ने भागा. येतात १.३. म्हणजे मित्राला तुमचं नाक जेवढं दिसतं त्यापेक्षा सेल्फीत ते ३० टक्के रुंद दिसतं.

हे माझं वहीतलं गणित झालं. पण रटगर्स आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्याचं मॉडेल वापरून हेच नीट मोजलं आणि प्लास्टिक सर्जरीच्या जर्नलमध्ये छापलं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत, ५ फुटांच्या तुलनेत, पुरुषांचं नाक ३० टक्के आणि बायकांचं २९ टक्के जास्त रुंद दिसतं. हा अभ्यास करायचं कारणच हे होतं की लोक सेल्फी दाखवून नाक लहान करायला सांगत होते. चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या अमेरिकन संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत ५५ टक्के सर्जनांनी सांगितलं होतं की सेल्फीत बरं दिसावं म्हणून पेशंट येतात. म्हणजे महामारीच्या आधीच पाया घातलेला होता.

लॅपटॉपवर अंतर जास्त असतं, ५० सेंटिमीटर धरू. मग ६२ भागिले ५०, १.२४. तिथेही नाक साधारण १५ टक्के जास्तच.

यात एक गैरसमज नेहमी होतो. लोक म्हणतात 'स्वस्त मोबाइल आहे म्हणून लेन्स खराब'. लेन्सचा इथे दोष नाही. दहा हजारांचा फोन असो की लाखाचा, ३० सेंटिमीटरवरून ४२ भागिले ३० तेवढेच येतात. रुंद कोनाच्या लेन्सने फक्त एवढं केलंय की इतक्या जवळूनही अख्खा चेहरा चौकटीत मावतो, म्हणून आपण जवळ जातो. जुन्या फिल्म कॅमेऱ्याने पासपोर्ट फोटो काढणारा फोटोग्राफर तुम्हाला स्टुलावर बसवून स्वतः मागे सरकायचा, ते उगाच नव्हतं.

स्वतः करून बघा. मोबाइल टेबलावर किंवा खिडकीत टेकवा, मागचा कॅमेरा वापरा, दीड-दोन मीटर मागे जा, टायमर लावा आणि फोटो आल्यावर झूम करून क्रॉप करा. मग हातात धरून सेल्फी काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की तुम्हाला दोन वेगळी नाकं दिसतील.

उलटा चेहरा, खालचा कोन, पिवळा बल्ब

बहुतेक ॲप प्रिव्ह्यूमध्ये चेहरा आरशासारखा उलटा दाखवतात, आणि काही ॲप फोटो सेव्ह करताना तो सुलट करतात. मग फोटो बघितल्यावर वाटतं, अरे, माझं तोंड वाकडं आहे की काय? वाकडं नाही. सगळ्यांचेच चेहरे डावी-उजवीकडे थोडे वेगळे असतात, फक्त तुम्हाला आरशातल्या बाजूची सवय आहे. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांना त्यांचा साधा आणि उलटा असे दोन फोटो दाखवले. लोकांना स्वतःचा आरशासारखा फोटो जास्त आवडला, आणि त्यांच्या मित्रांना सुलट. ज्याला ज्याची सवय.

मग कोन. ऑनलाइन क्लासला मोबाइल कशाला टेकवायचो आपण? डब्याला, तांब्याला, पुस्तकांच्या थप्पीला. म्हणजे कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि बघणार खालून वर. अशा कोनातून हनुवटीखाली मांस दिसतं, नाकपुड्या दिसतात. चित्रपटात खलनायकाला खालून का शूट करतात ते आठवा. डोक्यावरचा एकच बल्ब असेल तर डोळ्यांखाली सावली पडते आणि काळी वर्तुळं तयार होतात. झोप पूर्ण झाली असली तरीही.

उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा सेन्सर सिग्नल वाढवतो, त्यासोबत दाणे वाढतात. मग सॉफ्टवेअर ते दाणे पुसतं, त्यात त्वचेचा पोतही पुसला जातो, आणि वरून कडा धारदार केल्या जातात. नेट हळू असेल तर व्हिडिओ आणखी दाबला जातो आणि चेहऱ्यावर चौकोनी डाग येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत एका कांडीवर क्लास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तो जो डागाळ, सुजलेला चेहरा दिसायचा तो बराचसा व्हिडिओ कोडेकचा होता.

ब्युटी मोड नेमकं करतो काय

आता दुसरी बाजू. कॅमेरा एकीकडे वाईट दाखवतो आणि दुसरीकडे ॲप नको तेवढं चांगलं.

ब्युटी फिल्टर दोन कामं करतो. पहिलं, त्वचा गुळगुळीत करणं. यासाठी असा ब्लर वापरतात जो डोळे-ओठांच्या कडा तशाच ठेवतो आणि मधला बारीक पोत पुसतो. दुसरं, आकार बदलणं. आधी चेहऱ्यावर बिंदू ओळखले जातात. गूगलच्या मीडियापाइप या मोफत मिळणाऱ्या मॉडेलमध्ये असे ४६८ बिंदू असतात. त्यांना जोडून त्रिकोणांचं जाळं तयार होतं. मग नाकाचे बिंदू थोडे आत ओढायचे, डोळ्यांचे बाहेर, जबड्याचे वर. चित्र त्या जाळ्यावर ताणून बसवायचं. सेकंदाला ३० वेळा. कॉलेजात मी मिनी प्रोजेक्ट म्हणून असा फिल्टर लिहिला होता. साधी गोष्ट सांगतो: नाक किती आत ओढायचं हा कोडमधला एक आकडा असतो. तो ०.९ ठेवायचा की ०.८५, हे लिहिणारा पोरगा चहा पिता पिता ठरवतो. तुमच्या चेहऱ्याला काय शोभेल याचा त्यात काहीही विचार नसतो. सगळ्यांना एकच आकडा.

झूममध्ये 'टच अप माय अपिअरन्स' नावाचं सेटिंग आहे, तेही पहिल्या प्रकारचं काम करतं. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये फ्रंट कॅमेऱ्याचा ब्युटी मोड खरेदी केल्यापासूनच चालू असतो. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलं की पिक्सेल फोनवर हा प्रकार सुरुवातीपासून बंद ठेवणार, आणि 'ब्युटी' असा शब्दही वापरणार नाही. कारण फोनने न विचारता चेहरा सुधारला की माणसाला वाटतं आपल्या चेहऱ्यात सुधारण्यासारखं काही आहे. इन्स्टाग्रामने तर त्याआधी, २०१९ मध्येच, प्लास्टिक सर्जरीची नक्कल करणारे फिल्टर काढून टाकायचं ठरवलं होतं.

जाता जाता आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो व्हॉट्सॲपवर आले तेव्हा किती जणांची पहिली प्रतिक्रिया 'फिल्टर मारलाय' अशी होती! रंग खरा होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. सरोवराच्या बाबतीत आपण शंका घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. स्वतःच्या तोंडाचा फोटो आला की मात्र तीच शंका कुठे जाते कोण जाणे.

बाकीची कारणं

सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडणं बरोबर नाही. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते, म्हणून पापण्या आणि कपाळाकडे लक्ष गेलं. घरून काम असल्यामुळे सूज उतरेपर्यंत लपून राहता येत होतं, आणि बाहेर जायचं तरी मास्क होताच. ज्यांचा पगार चालू होता त्यांचा फिरण्या-खाण्याचा पैसा वाचला. आपल्याकडे ज्यांचे पगारच बंद पडले त्यांना हे शेवटचं कारण लागू नाही, हे उघड आहे.

केस

आपल्या भागात महामारीनंतर खरी मागणी वाढण्यासारखी गोष्ट म्हणजे केस. त्यामागे वैद्यकीय कारण आहे. मोठा ताप, आजारपण, ताण यानंतर केसांचा मोठा भाग एकदम 'विश्रांती'च्या टप्प्यात जातो आणि दोन-तीन महिन्यांनी गळतो. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. कोविड झालेल्या भरपूर लोकांना हे झालं. मोरीत केसांचे पुंजके बघून घाबरून लोक गूगलवर शोधू लागले, आणि एकदा 'केस गळती' शोधलं की पुढचा महिनाभर रीलमध्ये हेअर ट्रान्सप्लांटच येतं. ॲपला तुमचा आजार कळत नाही, तुम्ही कशावर थांबलात एवढंच कळतं.

गंमत अशी की या प्रकारची गळती बहुतेकांत सहा महिन्यांच्या आसपास आपोआप थांबते आणि केस परत येतात. म्हणजे त्या काळात कुणी महागडं तेल लावलं, तरी केस येणार आणि श्रेय तेलाला जाणार.

शेगाव तालुक्यातली गोष्ट वेगळी, पण तिने एक दाखवून दिलं. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. मोबाइलवर 'टक्कल व्हायरस' नाव फिरलं. पाण्याचे नमुने झाले, आयसीएमआरची पथकं आली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद केली आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे निर्देश केला. व्हायरस वगैरे काही नव्हतं. पण तोवर कॉलेजच्या मुलामुलींनी बाहेर पडणं सोडलं होतं, आणि ठरलेली लग्नं मोडल्याचंही बातम्यांत आलं. दिसण्यावर घाव बसला की खेड्यातल्या पोरांना शहरातल्यांपेक्षा कमी लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आठवावं.

ट्रान्सप्लांटचा विचार असेलच तर एक माहिती ठेवा. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हेअर ट्रान्सप्लांट आणि सौंदर्य-उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे प्रशिक्षण धरता येणार नाही. सरकारी कागदात यूट्यूबचं नाव घ्यावं लागलं, यावरून बाजारात काय चाललं असेल याचा अंदाज करा.

दुसरी मागणी, जिच्याबद्दल रील बनत नाहीत

'महामारीत प्लास्टिक सर्जरी वाढली' म्हटलं की लोक बोटॉक्स डोळ्यांसमोर आणतात. महाराष्ट्रात २०२१ च्या उन्हाळ्यात वेगळंच घडत होतं. कोविडमधून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या लोकांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी होत होती. ही बुरशी नाकातून सायनस, टाळू, डोळ्याकडे सरकते. जीव वाचवायला सर्जनांना कुणाचा वरचा जबडा, कुणाची टाळू, कुणाचा डोळा काढावा लागला. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांवर रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले, आणि सर्वांत जास्त रुग्ण आपल्या राज्यात होते. उपचार महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत घेतले गेले.

जे वाचले त्यांचं पुढे काय? टाळूला भोक असलं की पाणी नाकातून येतं, बोललेलं कळत नाही. त्यांना कृत्रिम टाळू, इम्प्लांट, चेहऱ्याची पुनर्रचना लागते. हीसुद्धा प्लास्टिक सर्जरीच. इन्शुरन्सच्या नियमांतही हा फरक आहे: दिसण्यासाठी केलेली सर्जरी आरोग्य विम्यात बसत नाही, पण अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा डॉक्टरने गरजेची ठरवलेली पुनर्रचना बसू शकते.

तसं बघितलं तर या शास्त्राची सुरुवातच गरजेपोटी झाली, आणि त्यात मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठा गाडीवान टिपूच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीट-भट्टीवाल्या जातीतल्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं. ही हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली, आणि ती वाचून तिथल्या सर्जननी ही पद्धत उचलली. कपाळाची कातडी वापरून नाक करणं आजही चालतं.

आपल्याकडचा खरा धोका: ट्यूब आणि डबी

बुलढाण्यातून सर्जनकडे जायचं म्हणजे अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा पुणे. खर्च, प्रवास, घरच्यांना सांगणं. म्हणून बरेच जण सोपा मार्ग धरतात: क्रीम. कॅमेऱ्यात सावळे दिसतो, डाग दिसतात, तर मेडिकलमधून 'ती ट्यूब' आणायची. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. आठवडाभर चेहरा उजळतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ आणि केस येतात, आणि बंद केलं की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी मागून बघा, मिळते की नाही.

त्याहून वाईट म्हणजे बिनलेबलची डबी. २०२३ च्या सुरुवातीला शेजारच्या अकोल्यातली घटना बातम्यांत आली. एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला त्रास झाला. कारण शोधताना ब्युटी पार्लरमधून आणलेलं गोरं होण्याचं क्रीम सापडलं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली तर त्यात पाऱ्याचं प्रमाण परवानगीच्या हजारो पट निघालं. परवानगी आहे दहा लाखांत एक भाग. पारा त्वचेत रंगद्रव्य बनणं थांबवतो म्हणून उजळपणा दिसतो, आणि त्वचेतून रक्तात जाऊन किडनीवर बसतो.

आता कामाचं

मीटिंग किंवा क्लासमध्ये स्वतःची चौकट बंद करा. झूम आणि गूगल मीट दोन्हीत स्वतःच्या व्हिडिओवरच्या तीन टिंबांत 'हाइड सेल्फ व्ह्यू'सारखा पर्याय असतो. कॅमेरा चालूच राहतो, बाकीचे तुम्हाला बघतात, तुम्हीच स्वतःला बघत नाही. फोन डोळ्यांच्या उंचीवर, हाताच्या अंतरापेक्षा लांब, आणि खिडकी पाठीमागे न ठेवता समोर. कॅमेरा ॲपमध्ये ब्युटी मोड शून्यावर आणा. इन्स्टाग्रामवर अशा जाहिराती येत असतील तर 'नॉट इंटरेस्टेड' दाबत राहा, आठवडाभरात फीड बदलतं.

डॉक्टरकडे जायचंच असेल तर नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर नोंदणीत शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. प्लास्टिक सर्जनकडे एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही प्लास्टिक सर्जरीची पदवी असते. त्वचेच्या डॉक्टरकडे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल. असते. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर विचारा, आधी काय शिकलात. 'आजच बुक केलं तर सूट' आणि ईएमआय हे शब्द पहिल्या पाच मिनिटांत आले तर उठून या.

आणि एखाद्याचा दिवसाचा तास-दोन तास आरशात किंवा सेल्फीत दोष शोधण्यात जात असेल, कॉलेजला जाणं टळत असेल, फोटो काढायचा म्हटलं की अंगावर काटा येत असेल, तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. हा मनाचा आजार आहे, साधारण शंभरात दोन जणांना असतो, आणि त्यावर उपचार आहेत. अशांना सर्जरीने बहुधा समाधान मिळत नाही, नाक झालं की हनुवटी खुपायला लागते. सरकारची टेलीमानस हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, घरच्यांना न सांगताही.

सल्ल्याला जाताना सेल्फी नेऊ नका. चांगला सर्जन स्वतःच तुमचे फोटो काढतो: मीटर-दीड मीटर अंतर, जास्त फोकल लेंथची लेन्स, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, समोरून, तिरकं आणि पूर्ण बाजूने. ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच अंतरावरून, त्याच उजेडात काढलेले असले तरच तुलनेला अर्थ असतो. जाहिरातीतले 'आधी-नंतर' बघताना हेच तपासा. पहिला फोटो जवळून, पिवळ्या उजेडात, आणि दुसरा लांबून, पांढऱ्या उजेडात असेल, तर त्यातला ३० टक्के फरक ब्लेड न लावताच पडलेला आहे.